मोजणी, टोटल स्टेशन की ड्रोन?

जुना रंगखाना किंवा बंद पडलेली गिरणी घेऊन, जागा साफ करून तिथे बांधकाम करायचं ठरलं की सोलापुरात पहिला प्रश्न हाच येतो: जागा मोजायची कशी? सरकारी मोजणीने, टोटल स्टेशनने (तिपाईवरचं, कोन आणि अंतर मोजणारं यंत्र) की ड्रोनने?

हद्दीबद्दल तिळमात्र शंका असेल तर आधी भूमी अभिलेखकडे ई-मोजणीचा अर्ज टाका. लगतदारांना नोटिसा जातात, खुणा दाखवल्या जातात, ‘क’ प्रत (मोजणीचा सरकारी नकाशा) हातात पडते. खासगी नकाशा कितीही नेटका असो, शेजारी भांडायला उठला तर हाच कागद कामी येतो. पण त्यात जमिनीचे चढउतार नसतात. किती माती उचलायची, पाणी कुठून काढायचं, हे त्यावरून ठरत नाही.

मग टोटल स्टेशन की ड्रोन? मोकळा माळ किंवा कचऱ्याचा उंच ढिगारा असेल तर ड्रोन सरस. ढिगाऱ्यावर कुणाला चढावं लागत नाही आणि घनफळ पटकन निघतं. मात्र आपल्याकडच्या पडीक जागांवर वेडी बाभूळ माजलेली असते. ड्रोनच्या फोटोत तिचा शेंडा दिसतो, बुडाची जमीन नाही. तिथे प्रिझमचा (टोटल स्टेशनचा किरण परत पाठवणाऱ्या भिंगाचा) दांडा घेऊन काट्यांतून चालणारा पोरगाच खरी पातळी आणतो. शिवाय होटगी रस्त्यावर विमानतळ आहे. ड्रोन उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावर आपली जागा कुठल्या झोनमध्ये येते, तिथे उडवायला परवानगी लागते का, हे पाहायलाच हवं.

पातळीतली चूक फार महागात पडते. एका एकरावर फक्त 10 सेंटिमीटर चुकलं तर सुमारे 405 घनमीटर, म्हणजे 143 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) मातीचा फरक. माती दूषित असेल तर खोदाई, वाहतूक, विल्हेवाट, सगळ्याचंच बिल वाढतं.

आमच्या एका कामावर बेंचमार्क, म्हणजे बाकीच्या सगळ्या पातळ्या जिच्यापासून मोजतात ती खूण, काळ्या मातीतल्या खुंटीवर धरला होता. पावसात माती फुगली, खुंटी वर आली आणि खोदाईच्या आधीच्या नि नंतरच्या पातळ्या जुळेनात. आठवडाभर ठेकेदाराशी वाद. तेव्हापासून मी बेंचमार्क मोरीच्या काँक्रीटवर किंवा पक्क्या जोत्यावरच घेतो, लाल रंगाने खूण करतो आणि फोटो काढून ठेवतो.

मातीचे नमुने घेणार असाल तर प्रत्येक खड्ड्याची जागा डीजीपीएसने (मोबाईलपेक्षा कितीतरी अचूक जीपीएस यंत्राने) नोंदवून घ्या आणि खोलीही लिहून ठेवा. दूषित माती काढल्यावर तपासणीसाठी पुन्हा तिथलाच नमुना लागतो. मोबाईलचा जीपीएस काही मीटर सहज सरकतो, त्यावर विसंबू नका.

दोन-चार एकरांची जागा असेल तर मी टोटल स्टेशनच घेईन, तेही मोजणीच्या खुणांना जोडून. कोटेशन मागवताना नुसता एकरी दर विचारू नका. पातळ्या किती मीटरच्या ग्रिडवर (म्हणजे किती अंतराच्या चौकटीवर) घेणार आणि नकाशाची कॅड फाइल (संगणकावर उघडता, बदलता येणारी) देणार का, हे लिहून घ्या.