तलावाकाठचे उपाहारगृह : भाकरी उत्तम, मध्यंतर अवघड

कात्रज परिसरात तलावाकाठी उभ्या असलेल्या सांस्कृतिक केंद्राच्या तळमजल्यावर नुकतेच एक शाकाहारी उपाहारगृह सुरू झाले आहे. नाट्यगृहातले उपाहारगृह म्हटले की पुणेकराच्या डोळ्यांसमोर कळकट काउंटर, उकळून काळा झालेला चहा आणि मध्यंतरातल्या झुंबडीतून दोन वडे व एक कप सुखरूप बाहेर काढण्याची कसरत उभी राहते. येथील चालकांनी त्या परंपरेपासून फारकत घ्यायचे ठरवले आहे. टेबले ऐसपैस आहेत, तलावाकडची भिंत काचेची आहे, बाहेर गच्चीवजा मोकळी जागा आहे आणि स्वयंपाकघराचा काही भाग ग्राहकाला दिसेल असा उघडा ठेवलेला आहे. सजावटीबद्दल याहून अधिक लिहिण्याचे कारण नाही. या स्वयंपाकघराला मराठी पदार्थ उत्तम जमले आहेत, मात्र ज्या वास्तूत ते थाटले आहे तिचे वेळापत्रक अद्याप जमलेले नाही, असे माझे मत झाले आहे.

जमलेल्या गोष्टीपासून आरंभ करतो. ज्वारीची भाकरी हा उपाहारगृहांची परीक्षा पाहणारा पदार्थ आहे, कारण ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. पीठ गरम पाण्यात मळून, तळहाताने भरपूर मळसून घेतले नाही तर थापताना कडा फाटतात, आणि तव्यावरून उतरलेली भाकरी दहा मिनिटे झाकून ठेवली की तिची चामडी होते. बहुतेक ठिकाणी भाकऱ्या आधीच थापून ठेवतात आणि ऑर्डर आली की पुन्हा तव्यावर टाकतात. येथे तसे होत नाही. काचेपलीकडे भाकरी करणाऱ्या बाई परातीत एका भाकरीपुरताच गोळा मळताना दिसतात, भाकरी तव्यावर पडली की वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरवतात, पाणी सुकण्याच्या बेतात ती उलटतात आणि शेवटी थेट जाळावर धरून टम्म फुगवतात. ती भाकरी ताटात येते तेव्हा पापुद्र्यातून वाफ निघत असते. सोबत लसणाच्या फोडणीचे, चमच्यावरून ओघळेल इतपतच दाट पिठले, हिरव्या मिरचीचा खरबरीत ठेचा, कच्चा कांदा आणि शेंगदाण्याची चटणी मिळते. ठेच्यात मिठाचा हात किंचित जड आहे, तेवढी एक तक्रार नोंदवून ठेवतो. सिंहगडावर चढून गेल्यानंतर लागलेल्या भुकेमुळे जे पिठले रुचते, ते पायऱ्या न चढता खायला घातले तर कसे लागेल अशी शंका ज्यांना असेल, त्यांनी हे ताट अवश्य मागवावे.

अळूच्या भाजीबद्दल थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण लग्नाच्या पंगतीबाहेर ही भाजी चांगली मिळणे दुर्मिळ झाले आहे. अळूच्या पानांत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सूक्ष्म स्फटिक असतात, त्यामुळे पाने नीट शिजली नाहीत आणि आंबट पुरेसे पडले नाही तर घसा खवखवतो. आचाऱ्याने येथे चिंचेच्या कोळाबरोबर आंबट चुकाही वापरला आहे, गूळ बेताचा ठेवला आहे आणि भाजीला बेसन लावून ती घोटली असली तरी तिची लापशी होऊ दिलेली नाही. हरभऱ्याची डाळ अख्खी पण बोटाने दाबली तर चिरडेल अशी शिजलेली, शेंगदाणे भिजवून घेतलेले आणि खोबऱ्याचे काप दाताखाली येतील एवढे मोठे, असा सगळा जामानिमा आहे. मला मुळ्याचे तुकडेही आवडले असते. परंतु त्यावरून घराघरांत मतभेद असतात, म्हणून तो मुद्दा सोडून देतो. ही भाजी फक्त शनिवारी आणि रविवारी दुपारच्या थाळीत असते. वरण-भात, कोशिंबीर, एक उसळ आणि मठ्ठ्यासह थाळीची किंमत 260 रुपये आहे, आणि मिळणारे अन्न पाहता ती वाजवी आहे.

मिसळ बरी आहे. मटकीला मोड चांगले आहेत, फरसाण ताजे आहे आणि सॅम्पल, म्हणजे वरून घ्यायचा जादा रस्सा, मागितले तर कपाळाला आठ्या न घालता दिले जाते, ही बाब पुण्यात उल्लेख करण्याजोगीच आहे. साबुदाण्याची खिचडी मोकळी असते. मेनूकार्डाच्या मागील दोन पानांवर नूडल्स, मंचुरियन, पनीरचे निरनिराळ्या नावांचे पण एकाच रश्शातले प्रकार आणि दोन तऱ्हेचे पास्ते आहेत. ते खाऊन पाहिले. पुन्हा मागवणार नाही. इतके पदार्थ एकाच स्वयंपाकघरातून निघायचे म्हणजे तयार ग्रेव्हीचे डबे आलेच, आणि ज्या हातांना अशी भाकरी जमते त्यांना या कामाला जुंपणे मला पटत नाही.

आता मध्यंतराविषयी. बालगंधर्व रंगमंदिर 1968 साली सुरू झाले, आणि तेव्हापासून पुण्यातील प्रेक्षकांच्या कैक पिढ्यांनी पहिल्या अंकाचा निकाल बटाटेवड्याच्या साक्षीने लावला आहे. नाटकाच्या प्रेक्षकाला पंधरा मिनिटांत हात धुणे, रांग, खाणे, चहा आणि परत खुर्ची गाठणे हे सर्व उरकायचे असते. या केंद्राच्या सभागृहातूनही मध्यंतरात एकदम शे-दोनशे माणसे बाहेर पडतात, आणि उपाहारगृह त्यांना टेबलावर बसवून, मेनूकार्ड हाती देऊन, शांतपणे ऑर्डर घेऊ पाहते. मी पाहिलेल्या प्रयोगाच्या वेळी दुसऱ्या अंकाची घंटा झाली तेव्हा अनेकांच्या टेबलांवर फक्त पाणी आले होते, आणि एक आजोबा काउंटरवर उभे राहून आपले पैसे परत मागत होते. ज्यांना वडे मिळाले त्यांचे वडे आधीच तळून झाकणाच्या स्टीलच्या डब्यात रचलेले होते. आतल्या गरम बटाट्याची वाफ कोंडून बेसनाचे आवरण मऊ पडते, आणि मग सारणात आले-मिरची कितीही नेमकी असली तरी वडा ओलसर लागतो. दुपारी निवांत वेळी हाच वडा तळणीतून थेट बशीत आला तेव्हा उत्कृष्ट होता. म्हणजे दोष हाताचा नसून नियोजनाचा आहे, आणि त्यावरचा उपायही काही नवा नाही: मध्यंतरासाठी वेगळे काउंटर, वडा, चहा आणि फार तर साबुदाणा वडा एवढेच पदार्थ, प्रयोग सुरू होण्यापूर्वीच कूपन, आणि पडदा पडण्याच्या बेतात तेलात पडणारा घाणा. प्रयोगांच्या वेळा केंद्राच्या फलकावर लिहिलेल्या असतातच.

याच अव्यवस्थेची दुसरी बाजू छोट्या दालनात अनुभवाला आली. शास्त्रीय गायनाची बैठक चालू होती, विलंबित ख्याल रंगात आला होता, आणि भिंतीपलीकडे चटणी वाटण्यासाठी मिक्सर सुरू झाला. गायिका हसल्या, तबलजींनी सम गाठली आणि श्रोत्यांनी नेमकी कशाला दाद दिली हे सांगणे कठीण होते. चटण्या सकाळी वाटून ठेवता येतात.

तलावाकडची मोकळी जागा हे या ठिकाणाचे मुख्य आकर्षण म्हणून सांगितले जाते. सकाळी आणि पावसाळ्यातील ढगाळ दुपारी ती खरोखरच सुखद आहे. सायंकाळी मात्र डासांचा विचार करून आतच बसावे. सांडपाण्यातून येणाऱ्या पोषकद्रव्यांवर जलपर्णी फोफावते आणि पुण्यातील बहुतेक तलावांचे हेच दुखणे आहे. त्याचा ठपका उपाहारगृहावर ठेवता येत नाही. पाण्याच्या बाटलीबाबत मात्र तो ठेवावा लागेल. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, 1750 च्या आगेमागे, कात्रजचे पाणी जमिनीखालच्या दगडी नळातून, जागोजागी बांधलेल्या उच्छ्वासांच्या, म्हणजे नळातली हवा बाहेर सोडणाऱ्या बांधकामांच्या, साहाय्याने, केवळ उताराच्या बळावर शनिवारवाड्यापर्यंत आणि शहरातील हौदांपर्यंत पोहोचवले गेले. मेनूकार्डाच्या पहिल्या पानावर हा इतिहास अभिमानाने छापलेला आहे, आणि तो वाचून होण्याच्या आत, कोणी न मागता, टेबलावर सीलबंद बाटली येऊन उभी राहते. साधे पाणी मागितल्यावर मिळते, ते स्वच्छही असते, परंतु ते मागावे लागते.

बिल सरळ असते. पाच टक्के जीएसटी केंद्र आणि राज्य अशा दोन समान भागांत दाखवलेला असतो, अन्न परवान्याचा 14 आकडी क्रमांक वाचता येईल एवढ्या टंकात छापलेला असतो आणि सेवाशुल्काची ओळ मुळीच नसते. वाढणारी मुले नवखी आहेत, पण अदबीने वागतात. थाळीत काय संपले आहे हे ग्राहक बसण्यापूर्वीच सांगण्याची सवय त्यांना लावली तर बरे होईल.

येण्याजाण्याचे म्हणाल तर स्वारगेटपर्यंत मेट्रो आणि पुढे पीएमपीची बस हा मार्ग, कात्रज चौकातल्या कोंडीत स्वतःची चारचाकी घालण्यापेक्षा कमी मनस्तापाचा आहे. केंद्राचे वाहनतळ प्रयोगाच्या दिवशी पुरत नाही.

तूर्तास माझा सल्ला असा की, शनिवारी किंवा रविवारी साडेबाराच्या आत पोहोचून अळूची थाळी घ्यावी आणि एक भाकरी वेगळी मागवावी. सायंकाळी नाटकाला येणार असाल तर प्रयोगापूर्वी तासभर आधी येऊन पिठले-भाकरी खाऊन घ्यावी, आणि मध्यंतरात वेगळे काउंटर सुरू होईपर्यंत फाटकाबाहेरच्या टपरीवरचा चहा प्यावा. तो दोन मिनिटांत मिळतो.