मुलांची डीटीजी १० मिग्रॅ गोळी: चवीला पास, अर्ध्या-दीडच्या गणितात घोळ

एआरटी सेंटरवर (एचआयव्हीच्या उपचाराचं सरकारी केंद्र) मोफत मिळणारी, एचआयव्ही असलेल्या मुलांसाठीची डोल्युटेग्राव्हिरची (डीटीजी) ही विरघळणारी गोळी जुन्या लोपिनाव्हिर-रिटोनाव्हिर सिरपपेक्षा कितीतरी सरस. ते सिरप कडूजहर, त्यात ४२ टक्के अल्कोहोल, वर थंड ठेवायची कटकट. जतच्या उन्हाळ्यात बिनफ्रीजच्या घरात ते सांभाळणं दिव्यच होतं. ही गोळी स्ट्रॉबेरी चवीची, साधारणपणे दिवसातून एकदा, फ्रीज नको.

छोट्या वाटीत १० मिली स्वच्छ पाणी घ्या. सोबतची एचआयव्हीचीच दुसरी, अबॅकाव्हिर-लॅमिव्हुडिन गोळीही त्याच वाटीत चालते. गुठळ्या मोडेपर्यंत ढवळा आणि अर्ध्या तासात पाजा. तळाशी पांढरट गाळ बसतो, औषध तिथंच अडकतं. चमचाभर पाणी घालून वाटी विसळा आणि तेही पाजा.

डोस वजनावर. ३ ते ५.९ किलोला अर्धी गोळी, ६ ते ९.९ ला दीड, १० ते १३.९ ला दोन, १४ ते १९.९ ला अडीच. २० किलोपासून मोठ्यांची ५० मिग्रॅ. खरी मेख सहा किलोवर आहे. तिथं डीटीजी एकदम तिप्पट होते, पण अबॅकाव्हिर-लॅमिव्हुडिन (१२०/६० मिग्रॅ) एका गोळीवरून दीडवरच जाते. दोन्ही गोळ्या मापानं सारख्याच वाढतात असं धरलं की डोस चुकलाच. वजन दर भेटीला करून घ्या. बाळ महिन्याभरात वजनाचा पट्टा ओलांडतं.

एवढी काटेकोरी कशाला? विषाणू पहिल्या काही आठवड्यांतच सीडी-४ पेशींत (रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी) दडून बसतो. उपचार जितके लवकर सुरू होतील आणि व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) जितका पटकन दबेल, तितका हा साठा लहान राहतो, पण संपत नाही. अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या एका एचआयव्हीबाधित बाळाला जन्मानंतर ३० तासांत औषधं सुरू झाली होती. पुढे ती बंद पडली, २७ महिने विषाणू दिसला नाही आणि २०१४ मध्ये उलटला. कमी डोस किंवा खाडे झाले की विषाणू वाढतो, साठा पुन्हा भरतो, शिवाय औषधाला दाद न देणारे प्रकार तयार होतात.

लवकर उपचार मिळालेल्या मुलाची अँटिबॉडी चाचणी (विषाणूविरुद्ध शरीरानं तयार केलेली प्रथिनं शोधणारी) पुढे निगेटिव्हही येऊ शकते. लॅबचा तो कागद पाहून घरचे गोळी थांबवतात आणि इथंच सगळ्यात मोठं नुकसान होतं. अशा मुलाचं व्हायरल लोडवरच बघायचं, अँटिबॉडीवर नाही.

आशाताई देतात ते आयर्नचं सिरप किंवा कॅल्शियम रिकाम्या पोटी डीटीजीसोबत नको. गोळीनंतर २ तासांनी द्या, नाहीतर ६ तास आधी. टीबीचं रिफाम्पिसिन सुरू झालं तर डीटीजीचा हाच डोस दिवसातून दोनदा लागतो, तो डॉक्टरांकडूनच बदलून घ्या.

ऊसतोडीला निघायच्या आधी सेंटरवर सांगून जास्तीच्या बाटल्या आणि कारखान्याजवळच्या सेंटरची चिठ्ठी घ्या. गोळ्या पुडीत बांधून नेऊ नका, ओल धरतात; मूळ बाटलीत, आतल्या सिलिकाच्या पुडीसकट न्या.