पर्समधलं आपत्कालीन किट: एका बटणाने खाल्लेले दोन स्टार

पाचपैकी तीन. गेलेले दोन्ही स्टार टॉर्चच्या बटणाचे आहेत. ते का, हे सविस्तर लिहिते, कारण या किटच्या बाकी रिव्ह्यूंमध्ये 'छान पॅकिंग, वेळेत आलं' याच्या पुढे कोणी गेलेलं दिसत नाही. पार्सल फोडल्या दिवशीच पाच स्टार देणाऱ्या मंडळींना माझा साष्टांग नमस्कार.

एका पाऊचमध्ये चार्जिंगचा टॉर्च, ओआरएसची पुडी, चंदेरी फॉइलची चादर, होकायंत्र असं काय काय येतं. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर १,४९९ रुपयांना घेतलं. तेव्हा घरात जो गदारोळ झाला तो वेगळाच. "एवढ्या पैशात कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून दोन किटं झाली असती," असं आमच्या ह्यांचं म्हणणं. हिशेबाने ते बरोबरच होतं. पण दोन वर्षं 'आणू या, आणू या' म्हणून ते मेडिकलवालं किट काही घरात आलं नव्हतं, हेही तितकंच खरं.

मी बदलापूर ते भायखळा रोज करते. आमच्या बाजूच्या माणसाला हे कशाला लागतं ते समजावून सांगावं लागत नाही. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुरात अडकली आणि हजारावर माणसं बोटींतून बाहेर काढावी लागली, ते आमच्या अगदी उशाला घडलं. आणि २६ जुलै २००५ ची गोष्ट तर ज्याच्या त्याच्या घरात आहे. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस, आणि माणसं रात्रभर रुळांवरून चालतायत. तेव्हापासून आमच्याकडे मेणबत्त्या, काडेपेटी, बिस्किटं सगळं कपाटात तयार असतं. पण गाडी बंद पडते विक्रोळी आणि कांजूरच्या मध्ये, आणि कपाट असतं घरी. म्हणून मला रोज खांद्यावर राहील असंच काहीतरी हवं होतं.

तर टॉर्च. बोटाएवढा, ॲल्युमिनियमचा, चार्जिंगचा, दिसायला देखणा. उजेड खरंच झकास. बटण मागच्या टोकाला, रबराचं, वर आलेलं आणि इतकं मऊ की नुसता अंगठा टेकला तरी लागतं. दुकानात हातात घेऊन पाहिलात तर तुम्हालाही आवडेल. आता तोच टॉर्च पाऊचमध्ये घाला, पाऊच पर्समध्ये, पर्समध्ये डबा आणि पाण्याची बाटली, आणि ती पर्स पोटाशी धरून संध्याकाळच्या सीएसएमटी-बदलापूरमध्ये लेडीज डब्यात उभ्या राहा. घाटकोपर यायच्या आत तो पेटलेला असतो. बंद पाऊचमध्ये उजेड दिसत नाही. घरी आल्यावर पाऊच गरम लागतो तेव्हा कळतं.

पहिल्यांदा झालं तेव्हा मला वाटलं, चुकून झालं असेल. मग आठवड्यातून एकदा तरी व्हायला लागलं. हाच टॉर्च ट्रेकला नेणाऱ्यांना कदाचित हा त्रास होत नसेल, त्यांची बॅग कोणी चहूबाजूंनी चेपत नाही. पण पाकिटावर मोठ्या अक्षरांत 'रोज जवळ बाळगा' लिहायचं आणि बटण असं द्यायचं? ज्याने हे डिझाइन केलं त्याने आयुष्यात एकदाही ठाण्याला गाडीत चढून बघितलेलं नाही, हे मी स्टॅम्प पेपरवर लिहून द्यायला तयार आहे.

चार्जिंगची वेगळीच तऱ्हा. भोक टाइप-सीचं, पण फोनच्या नव्या चार्जरची दोन्हीकडून टाइप-सी असलेली केबल लावली की ढिम्म. जुन्या, चपट्या यूएसबीच्या केबलनेच चार्ज होतो. उल्हासनगरच्या एका मोबाइल दुरुस्तीवाल्या दादांनी टॉर्च उघडून कारण दाखवलं. आत ५.१ किलोओहमचे दोन बारीक रेझिस्टर लागतात, ते दिसल्याशिवाय टाइप-सी चार्जर वीज सोडतच नाही. कंपनीने ते दोन दाणे वाचवलेत. किती वाचले असतील? काही पैसे. म्हणजे ह्या किटबरोबर मला आता जुनी केबलही पर्समध्ये ठेवायची.

इथपर्यंत मी एकच स्टार देणार होते, मजकूरही लिहून तयार होता. मग ऑगस्टात एका संध्याकाळी गाडी अंबरनाथच्या अलीकडे उभी राहिली ती राहिलीच. बाहेर धो धो, पंखे बंद, खिडक्या उघडाव्या तर पाणी आत. टॉर्च अर्थातच उतरलेला होता, त्याचं नाव काढत नाही. पण बाकीच्या किटने लाज राखली.

माझ्या समोरच्या सीटवर कॉलेजची एक मुलगी होती. सकाळपासून पोटात काही नव्हतं, तिला घेरी यायला लागली. पाऊचमधली ओआरएसची पुडी काढली तर शेजारच्या एक मावशी ती अख्खी पुडी अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतायला निघाल्या. मी हात धरला. मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. निम्म्या पाण्यात घातली तर मिठाचं प्रमाण दुप्पट होतं, आणि ते बरं नाही. शेवटी दोघींच्या बाटल्या मिळून लिटरभर पाणी जमवलं. दुसऱ्या दिवशी मेडिकलमधून २०० मिलीच्या छोट्या पुड्या आणल्या. एक पेलाभर पाणी, एक पुडी, वाद नाही. किटवाल्यांनी मोठी पुडी का द्यावी? रोजच्या बॅगेत लिटरची बाटली कोण घेऊन फिरतं? आणि घेताना पुडीच घ्या. खोक्यातली गोड पेयं ओआरएस म्हणून विकली जायची, ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्यावर बंदी आणली, तरी जुना माल कुठे पडलेला असेल सांगता येत नाही.

त्या संध्याकाळी खऱ्या अर्थाने कामी आली ती चंदेरी फॉइलची चादर. तोवर मी तिला हसत होते, मुंबईत कोणाला थंडी वाजते म्हणून. पण भिजलेल्या अंगावर खिडकीचा वारा लागत होता, ती मुलगी थरथरत होती, तिला गुंडाळली आणि पाचेक मिनिटांत तिच्या चेहऱ्यावर रंग आला. चुरचुर आवाज फार करते, एकदा उघडली की मूळ घडीत परत जात नाही. पण शब्द मागे घेते. होकायंत्राबद्दलचे मात्र घेत नाही. गाडी कर्जतकडे चाललीय की दादरकडे एवढं कळायला बदलापूरकराला होकायंत्र लागत नाही. ते काढून भाच्याला दिलं.

किटमध्ये नसलेलं आणि मी घातलेलं: दहा-वीसच्या नोटांत पाचशे रुपये. त्या रात्री अंबरनाथला उतरले तर नेटवर्क नव्हतं, रिक्षावाल्याचा क्यूआर कोड नुसता शोभेला. आम्ही चौघी त्या नोटांवर घरी पोचलो. बाकी माझ्या बीपीच्या गोळ्या दोन दिवसांपुरत्या, एक सॅनिटरी पॅड, दोन सेफ्टी पिना आणि घरच्यांचे नंबर लिहिलेली चिठ्ठी. फोन मेला की आपल्याला नवऱ्याचाही नंबर पाठ नसतो. त्या चिठ्ठीवरच खाली ११२ आणि रेल्वेचा १३९ लिहिलाय. गोळ्या दर महिन्याला बदलते: पाऊचमधल्या खायच्या, नव्या ठेवायच्या. मे महिन्यात पर्स किती तापते ते शेंगदाण्याच्या चिक्कीने दाखवलं. तिचा पार लगदा झाला होता. आता राजगिऱ्याची ठेवते, ती तग धरते. एक सांगायचं राहिलं: तुंबलेल्या पाण्यातून चालत गेलात आणि पायाला जखम असेल तर लेप्टोसाठीच्या (अशा पाण्यातून होणाऱ्या तापासाठीच्या) गोळीबद्दल डॉक्टरांना लगेच विचारा, तीन दिवसांच्या आत. किटमध्ये स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक भरून ठेवू नका.

पाऊच 'वॉटरप्रूफ' म्हणतात, तो नाही. कापड पाणी धरतं, चेन धरत नाही, शिवणीतूनही झिरपतं. त्यावर माझा बिनपैशाचा उपाय: धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या. एकीत गोळ्या, एकीत कागद आणि नोटा, तोंडाला रबर. सासूबाई या पिशव्या वर्षानुवर्षं जमवतात, कोणीतरी एकदाचा त्यांचा उपयोग केला याचा त्यांना मनापासून आनंद झाला.

आता टॉर्चचं पुढे काय झालं ते. एक दिवस तो पूर्ण उतरला तो परत चार्जच घेईना. आतला लिथियमचा सेल पार तळाला जाऊन तसाच पडून राहिला की असं होऊ शकतं, आणि सेल बदलायची सोय नाही. तक्रार केली. फोनवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, प्रॉडक्ट वापरलंय का?" म्हटलं, "टॉर्च आहे भाऊ, देव्हाऱ्यात ठेवायला नाही घेतला." मग मूळ खोका हवा, मग बिल हवं, मग बॅटरी वॉरंटीत येत नाही. शेवटचं वाक्य मी लिहून ठेवलं: "बॅगेत ठेवू नका मॅडम, घरी चार्जिंगला लावून ठेवा." रोज जवळ बाळगायच्या किटमधला टॉर्च! त्यानंतर मी ग्राहकांसाठीच्या १९१५ या सरकारी नंबरवर तक्रार नोंदवली. खरं सांगायचं तर काही होईल असं वाटलं नव्हतं, पण कंपनीचा फोन लगेच आला, आवाजही बदललेला.

दरम्यान स्टेशनबाहेरून दोन पेन्सिल सेलचा साधा प्लास्टिकचा टॉर्च घेतला, १२० रुपयांना. उजेड निम्मा, पण खडीवर पाय कुठे टाकायचा तेवढं दिसतं. त्याच्या सेल आणि स्प्रिंगच्या मध्ये दुधाच्या पिशवीचीच एक पट्टी घातलीय. बटण कितीही दाबलं गेलं तरी वीज पुढे जात नाही. लागला तर झाकण फिरवायचं, पट्टी ओढायची, झाकण लावायचं. अंधारात, डोळे मिटून, हे करून बघितलंय, जमतं. सेल अल्कलाइन घ्या, स्वस्तातले आत गळतात आणि स्प्रिंगवर पांढरी भुकटी धरते. अल्कलाइनही कधीमधी गळतात, म्हणून दिवाळीला आणि पावसाळ्याआधी उघडून बघते.

काल कंपनीचं पार्सल आलं. पैसे परत नाहीत, बदली टॉर्च. तोच, बटण तेच, रेझिस्टर नाहीतच. तो मी मीटरच्या बाजूला खिळ्याला लटकवलाय. तिथे त्याला कोणी चेपत नाही, आणि रात्री लाइट गेले तेव्हा एका झटक्यात पेटला. भिंतीवर लटकवायचा टॉर्च म्हणून चार स्टार देईन. पर्ससाठी घेणार असाल तर किट घ्या, टॉर्च बाहेर काढा आणि किमतीतून तेवढे पैसे वजा धरून मग ठरवा.