कोर्टाजवळ मिळणारा तयार बांधकाम करारनामा: घ्या, पण पुरवणी जोडून

सोलापुरात कोर्टाच्या आसपासच्या टायपिंगच्या दुकानांत घरबांधणीचा करारनामा तयार मिळतो. नावं, प्लॉट नंबर आणि रक्कम सांगितली की अर्ध्या तासात दोन पानं हातात. भाषा सरळ मराठी असते. ज्याला सही करायची त्या गवंड्यालाही ती वाचता येते, ही या मसुद्याची मोठी जमेची बाजू.

स्टॅम्प मात्र तपासून घ्या. ऑक्टोबर २०२४ पासून १०० रुपयांच्या जागी ५०० चा लागतो, आणि कामाची रक्कम मोठी असेल तर शुल्क वाढतं. तो मालक किंवा ठेकेदार यांच्याच नावावर घेतलेला हवा. सहा महिन्यांपूर्वीचा पडून राहिलेला चालत नाही. नोटरी सह्या प्रमाणित करतो. मजकुरातली उणीव भरून काढणं त्याचं काम नव्हे.

आणि उणिवा आहेतच. ‘दर चौरस फुटाला अमुक रुपये’ एवढंच छापलेलं असतं, फूट कुठले मोजायचे ते नाही. घर १००० फूट, बाल्कनी ९० आणि जिन्याचं हेडरूम (गच्चीवर जिन्यावरची खोली) ११० धरा. लेबर रेट (फुटामागे मजुरीचा दर) ३०० असेल तर या २०० फुटांवर ६०,००० चा वाद उभा राहतो, तोही शेवटच्या बिलात, जेव्हा कोणीच मागे हटत नाही. बाल्कनी पूर्ण की निम्मी, छज्जा आणि पॅरापेट (गच्चीचा कठडा) दरात की वेगळे, हे आधीच लिहा.

दुसरी गोष्ट आपल्या काळ्या मातीची. नकाशात पायाचा खड्डा ५ फूट आणि मुरूम लागला ८ फुटांवर, तर ५ बाय ५ च्या एका खड्ड्यात ७५ घनफूट जादा खोदाई होते. बारा कॉलमची मिळून ९ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). त्याचा ब्रासचा दर तयार मसुद्यात नसतो. क्युरिंगच्या, म्हणजे काँक्रीटवर पाणी मारायच्या, टँकरचे पैसे कोणाचे, हेही नसतं. ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, तिथे हे कलम गाळणं मला अक्षम्य वाटतं.

पोटठेकेदाराबद्दल तर एक ओळही नाही. मुख्य ठेकेदाराने सेंट्रिंगवाल्याचे (स्लॅबखाली साचा आणि टेकू लावणाऱ्याचे) पैसे थकवले की सेंट्रिंगवाला पुढच्या कामासाठी साच्याच्या प्लेटा लवकर काढायला येतो. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबचे टेकू किमान ७ दिवस राहायला हवेत, त्याहून मोठ्या गाळ्याला १४. म्हणून लिहा: ‘इंजिनिअरच्या लेखी परवानगीशिवाय टेकू काढायचे नाहीत. पुढचा हप्ता मागताना सेंट्रिंगवाला, फरशीवाला, प्लंबर यांच्या पैसे मिळाल्याच्या सह्या दाखवायच्या.’ सेंट्रिंगवाल्याचं ठेकेदाराशी स्वतःचं वेगळं करारपान असावं: दर, मोजणीचा दिवस आणि पैसे किती दिवसांत.

एवढं सगळं एका पानाच्या पुरवणीत बसतं. ती मंजूर नकाशाच्या प्रतीसह करारालाच जोडा, मूळ मजकुरात ‘पुरवणी अ कराराचा भाग आहे’ ही ओळ टाइप करून घ्या आणि प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या घ्या.