होलूबक्या घरी करायच्या तर पान कोणतं : ताजं की आंबवलेलं?

स्लोव्हाकियातली ही भरल्या कोबीची गुंडाळी पहिल्यांदा करायला घेणारा माणूस पाककृती शोधता शोधताच थकतो. एकीत टोमॅटोचा लालभडक रस्सा असतो, दुसरीत टोमॅटोचं नावही नसतं. एक म्हणते पाऊण तासात तयार, दुसरी म्हणते अडीच तास मंद आचेवर ठेवा. एक उकडलेल्या बटाट्यांबरोबर वाढा म्हणते, दुसरी पावाबरोबर. आणि दोघी खाली लिहितात, ‘अस्सल पारंपरिक’.

मी कोशित्से या पूर्व स्लोव्हाकियातल्या शहरात राहते. सासूबाई झेंप्लीन भागातल्या, म्हणजे देशाच्या पूर्व टोकाच्या. त्यांच्या हातची आंबट होलूबकी आणि आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंची गोडसर टोमॅटोतली, या दोन्ही मी इतक्या वेळा खाल्ल्या आणि केल्या आहेत की आता एक गोष्ट ठामपणे सांगते. सारणावर डोकं खाजवू नका. आधी पान ठरवा. पान ताजं की आंबवलेलं हे ठरलं की रस्सा, मांस, मीठ, वेळ, भांडं हे सगळं आपोआप त्याच्या मागे येतं. बहुतेक फसलेल्या होलूबक्या म्हणजे एका पानाची कृती दुसऱ्या पानाला लावलेली असते.

(‘होलुब’ म्हणजे कबूतर आणि ‘होलूबकी’ म्हणजे छोटी कबुतरं. शब्द मुळातच अनेकवचनी आहे, पण आमच्या घरात त्याची ‘एक होलूबकी, दोन होलूबक्या’ झाली. नवऱ्याने दोन वर्षं दुरुस्त केलं, मग सोडून दिलं.)

ताजं पान

सोय म्हणाल तर याला तोड नाही. दीड किलोचा एक गड्डा आणला की भरण्याजोगी बारा ते पंधरा पानं निघतात. गड्डा मात्र सैलसर आणि चपटा बघून घ्यावा. आपल्याकडे मिळतो तसा घट्ट गोल दगडी गड्डा असेल तर पानं सोलतानाच फाटतात.

पानं मऊ करायच्या दोन रीती आहेत. पहिली सगळ्यांना माहीत असलेली : मधला दांडा सुरीने खोल कोरून काढायचा, अख्खा गड्डा उकळत्या पाण्यात सोडायचा, आणि बाहेरचं पान लवचीक झालं की चिमट्याने एकेक ओढून घ्यायचं. हात भाजतो, ओटा ओला होतो, आतली पानं कच्चीच राहतात म्हणून गड्डा तीनदा परत पाण्यात जातो. दुसरी रीत मला जास्त आवडते. गड्डा दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवायचा आणि एक दिवस बाहेर काढून पूर्ण वितळू द्यायचा. पानातलं पाणी गोठताना पेशी फोडतं, त्यामुळे वितळल्यावर पानं ओल्या फडक्यासारखी लुळी पडतात, उकळावी लागत नाहीत. दिसायला अगदीच केविलवाणी, पण गुंडाळायला फार छान. फक्त तीन दिवस आधी आठवण हवी.

कुठल्याही रीतीत पाठीमागची जाड शीर सुरी आडवी धरून तासून टाकायची. ही पायरी गाळली की गुंडाळी वळत नाही, वळली तर उलगडते. माझी पहिली खेप याच आळसापायी उलगडली होती. वाढताना पातेल्यात कोबी, भात आणि खिमा असे तीन वेगवेगळे पदार्थ पोहत होते.

चवीला ताजं पान गोड आणि सौम्य. त्याला स्वतःचा आंबटपणा नसल्यामुळे तो बाहेरून द्यावा लागतो, आणि म्हणून टोमॅटो. शिजायलाही ते पटकन शिजतं. सारणातला तांदूळ अर्धा शिजवून घेतला असेल तर पाऊण तास ते एक तास पुरतो. त्याहून जास्त ठेवलं तर पान विरघळल्यासारखं होतं आणि घरात उकडलेल्या कोबीचा तो उग्र गंधकी वास भरतो.

आंबवलेलं पान

इथे खरी मजा आहे, आणि खरा व्याप पण.

बाटलीत मिळतो तो चिरलेला आंबट कोबी वेगळा. गुंडाळीसाठी अख्खा गड्डा आंबवलेला लागतो. शरद ऋतूत कोबी निघाला की गावाकडे पिंपं भरली जातात. चिरलेल्या कोबीचे थर, त्यात मीठ आणि शहाजिऱ्याचा युरोपातला भाऊ ‘रास्त्सा’, आणि थरांच्या मध्ये दांडा कोरलेले अख्खे गड्डे दडवून ठेवलेले. वर फळी, फळीवर दगड. सासूबाईंचा दगड त्यांच्या आईच्या वेळचा आहे आणि तो दुसऱ्या कशासाठी वापरलेला त्यांना चालत नाही.

शहरात पिंप नसेल तर मोठ्या बरणीत किंवा अन्नासाठीच्या प्लास्टिकच्या डब्यात करता येतं. दांड्याच्या जागी झालेल्या खळग्यात मीठ भरायचं, गड्डे दाटीने बसवायचे, लिटरमागे 40 ते 50 ग्रॅम मीठ घातलेलं पाणी वरपर्यंत ओतायचं आणि काहीही वर तरंगणार नाही असं वजन ठेवायचं. 18 ते 20 अंश तापमानात चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे नाताळात हवं असेल तर कोबी नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच पाण्यात गेला पाहिजे. तेवढा धीर नसेल तर हिवाळ्यात बाजारात तयार गड्डे मिळतात, कोशित्सेत दोमिनिकान्स्के चौकातल्या मंडईत बघावेत. युरोपात इतरत्र राहत असाल तर बाल्कन दुकानात हवाबंद पिशवीतला गड्डा मिळतो. तिकडे याच पानाची ‘सर्मा’ करतात, म्हणून तो बारा महिने ठेवलेला असतो.

हे पान आणल्या आणल्या एक तुकडा तोंडात टाकून बघा. फार खारट असेल तर अर्धा तास गार पाण्यात ठेवायचं. सारणात मीठ नेहमीच्या निम्मंच. हा नियम न पाळणारे नंतर बटाटे वाढवत बसतात.

आता वेळेचा मुद्दा, कारण सगळे फसतात ते इथे. आंबवलेलं पान हाताला मऊ, लवचीक लागतं. शीरसुद्धा वाकते. त्यामुळे वाटतं की हे तर निम्मं शिजलेलंच आहे. प्रत्यक्षात त्याला ताज्या पानाच्या दुप्पट वेळ लागतो, दोन ते अडीच तास. भाजीला धरून ठेवणारं पेक्टिन आंबट पाण्यात सहज सुटत नाही. आपण आमटीत चिंच किंवा आमसूल डाळ शिजल्यावरच घालतो, त्यामागचं कारण जवळपास हेच. म्हणून तासाभरात झाकण काढून चाखाल तर पान चामड्यासारखं लागेल. घाबरून रस्सा बदलू नका, नुसतं झाकण परत ठेवा.

या लांब वेळेचा फायदा असा की पातेल्यात धुरावलेलं मांस टाकता येतं. डुकराच्या स्मोक्ड फासळ्या किंवा क्लोबासाचे (इथल्या सॉसेजचे) तुकडे तळाशी, त्यावर चिरलेला आंबट कोबी, मग गुंडाळ्या, परत कोबी. तमालपत्र, ऑलस्पाइसचे चार दाणे. अडीच तासांत धूर, चरबी आणि आंबटपणा एकमेकांत असे मुरतात की त्याची बरोबरी टोमॅटोतल्या होलूबकीला कधीच करता येत नाही. हे मी खालच्या काकूंना सांगितलेलं नाही.

ताजी पानं व्हिनेगरच्या पाण्यात उकळून ‘झटपट आंबट पान’ करायचा सल्ला अधूनमधून दिसतो. नका करू. व्हिनेगर नुसतं टोचतं. आंबवण्यातून येणारी खोली त्यात नसते.

मधला रस्ता

अख्खा आंबट गड्डा मिळत नसेल, पण बाटलीतला चिरलेला मिळत असेल, तर पान ताजं घ्या आणि थर आंबट कोबीचे द्या. बारा गुंडाळ्यांना चिरलेला आंबट कोबी 500 ग्रॅम. स्लोव्हाकियातही कितीतरी घरांत असंच करतात, यात कमीपणा काही नाही. वेळ दीड तास. पहिल्यांदा करणाऱ्याला मी हाच रस्ता सुचवेन. पान फार हट्टी नसतं आणि चव बऱ्यापैकी अस्सल येते. भारतात राहून करणाऱ्याने आठ-दहा दिवस आधी बरणीत कोबी आंबवावा. चिरलेल्या कोबीला वजनाच्या 2 टक्के मीठ चोळायचं आणि सुटलेल्या पाण्यातच तो दाबून बुडवायचा. उन्हाळ्यात हे फार वेगाने पुढे जातं आणि कोबी बुळबुळीत होतो, म्हणून थंडीचे दिवस बरे.

रस्सा

टोमॅटोच्या रश्शात कांदा, टोमॅटोचा गर, थोडी साखर, तमालपत्र, आणि दाटपणासाठी चरबीत भाजलेलं पीठ, ज्याला इथे ‘झाप्राश्का’ म्हणतात. भरल्या ढोबळी मिरचीचा रस्साही साधारण याच वळणाचा असतो, त्यामुळे लहान मुलं टोमॅटोतली होलूबकी कुरकुर न करता खातात. आंबट रश्शाला मात्र शेवटी साय लागते, आंबट साय, तिच्यात चमचाभर पीठ फेटून. ती उकळत्या रश्शात थेट ओतली तर फाटते. आधी वाटीत थोडा गरम रस्सा घेऊन तिला सवय करायची, मग घालायची.

पश्चिमेला टोमॅटो आणि पूर्वेला आंबट अशी सरळ वाटणी कुणी सांगितली तर विश्वास ठेवू नका. सासूबाईंच्या समोरच्या घरात टोमॅटोच घालतात.

अमेरिकेत, विशेषतः पेन्सिल्वेनियात, गेलेल्या स्लोव्हाक आणि रुसिन (ईशान्य स्लोव्हाकियाच्या बाजूचा एक स्लाव समाज) कुटुंबांत ‘हलूपकी’ डब्यातल्या टोमॅटो सूपमध्ये शिजू लागली. गंमत म्हणजे 1962 मध्ये सूपचे डबे रंगवून गाजलेला अँडी वॉरहॉल पिट्सबर्गच्या अशाच एका रुसिन घरातला. आईवडील ईशान्य स्लोव्हाकियातल्या मिकोवा गावचे. ते सूप घालून केलेली होलूबकी मी एकदा केली. गोड लागते. सोय म्हणून ठीक.

सारण

500 ग्रॅम डुकराचा खिमा, 120 ग्रॅम तांदूळ, एक कांदा चरबीत परतून, दोन-तीन लसूण पाकळ्या, एक अंडं, गोड पाप्रिका, मिरपूड, चिमूटभर माजोरान (मार्जोरम, ओरेगानोसारखा वाळवलेला पाला). एवढ्यात बारा होलूबक्या. मांस खांद्याचं किंवा मानेचं, चरबी असलेलं. कोंबडीचा कोरडा खिमा वापरला तर अडीच तासांत त्याचा भुसा होतो, तेव्हा चिकन हवं असेल तर ताजं पान आणि कमी वेळ असाच जोड घ्या. तांदूळ बासमती नको. तो मोकळा होतो आणि सारण सुटतं. इथे बुटका गोल तांदूळ वापरतात. आपल्याकडचा इंद्रायणी त्या कामाला उत्तम. आंबट पानासाठी तो कच्चाच घालावा, वेळ भरपूर आहे. मात्र तो फुगतो, म्हणून गुंडाळी सैल ठेवायची. घट्ट आवळलेली होलूबकी हमखास फुटते.

शाकाहारी मंडळींनी इथे वाचणं थांबवू नये. पूर्वेकडच्या ग्रीक कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स घरांत नाताळच्या आदल्या संध्याकाळी उपास असतो (जुन्या पंचांगाने चालणाऱ्यांकडे तो 6 जानेवारीला येतो), आणि त्या दिवशी होलूबकीत मांस नसतं. तांदूळ आणि वाळवलेले रानातले अळंबे, किंवा नुसता किसलेला कच्चा बटाटा आणि परतलेला कांदा. म्हणजे बिनमांसाची होलूबकी ही तडजोड नव्हे, तिला स्वतःची परंपरा आहे. बटाट्याची मला तर जास्त आवडते. किसल्यावर पाणी घट्ट पिळायचं आणि लगेच भरायचं, नाहीतर सारण काळं पडतं. अंडं चालत नसेल तर वगळा, बटाट्याचा चीक धरून ठेवतो.

भांडं, आणि कुकरचा प्रश्न

जाड बुडाचं पातेलं सगळ्यांत बरं. तळाशी फाटकी पानं अंथरायची, गुंडाळ्या शिवण खाली करून खेटून लावायच्या, वर उपडी ताटली ठेवायची आणि मंद आच. ओव्हनमध्ये 160 अंशांवर झाकून ठेवलं तर लक्ष द्यावं लागत नाही, वरची पानं जराशी खरपूस होतात. टोमॅटोच्या होलूबकीला हे शोभतं.

कुकरला लावता येईल का, हे प्रत्येक मराठी मैत्रीण विचारते. आंबवलेल्या पानाची लावता येते. पान चिवट असल्याने टिकतं, दाब आल्यावर वीस-पंचवीस मिनिटं पुरतात आणि वाफ आपोआप जिरू द्यायची. ताज्या पानाची लावू नका, झाकण उघडल्यावर पान शोधावं लागेल.

वाढताना आंबटीबरोबर पाव, टोमॅटोतलीबरोबर उकडलेले बटाटे. आणि पाहुणे रविवारी येणार असतील तर आंबट होलूबक्या शनिवारीच करून ठेवा. दुसऱ्या दिवशी मंद गरम केल्यावर त्या जास्त चांगल्या लागतात. सासूबाईंच्या मते तिसऱ्या दिवशी, पण आमच्याकडे तिसऱ्या दिवसापर्यंत त्या कधी उरल्या नाहीत.