विश्वस्तांचं ट्रेनिंग: शहरातली कार्यशाळा की आपल्याच ऑफिसातली बैठक?

नवीन कार्यकारिणी निवडून आली की विश्वस्तांना जरा ट्रेनिंग द्यायला हवं असं सगळेच म्हणतात, आणि मग प्रश्न पडतो की पुण्या-मुंबईच्या एक दिवसाच्या कार्यशाळेला दोघांना पाठवायचं की कुणी जाणकार माणूस आपल्याच ऑफिसात बोलवायचा. आम्ही दोन्ही करून बघितलंय. आमची संस्था तालुक्याच्या गावातली, वाचनालय आणि बालवाडी चालवणारी, सोसायटी आणि ट्रस्ट अशी दोन्ही नोंदणी असलेली, म्हणून माझं म्हणणं अशाच संस्थांना जास्त लागू पडेल. मोठ्या हॉस्पिटल ट्रस्टचं गणित वेगळं असू शकतं.

कार्यशाळेत एक गोष्ट मिळते जी गावात बसून मिळणं अवघड, ती म्हणजे इन्कम टॅक्सची ताजी माहिती. २०२१ मध्ये १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) असलेल्या सगळ्यांनाच परत नोंदणी करावी लागली, मग पाच वर्षांनी नूतनीकरण आलं, २०२५ मध्ये छोट्या संस्थांसाठी १२ए च्या नोंदणीची मुदत दहा वर्षांपर्यंत नेली, आणि त्यात नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून. हे सगळं रोज फॉर्म भरणारा सीए जितकं नीट सांगतो तितकं दुसरं कोणी नाही सांगू शकत. शिवाय दुसऱ्या संस्थांची माणसं भेटतात, फेरफार अर्ज, म्हणजे विश्वस्त बदलल्याचं धर्मादाय कार्यालयाला कळवणारे अर्ज, सगळ्यांचेच रखडलेत हे कळतं, ओळखी होतात, त्या पुढे कामाला येतात. खजिनदाराला तरी एकदा पाठवाच असं मी म्हणेन.

पण मला तिथे जे खटकलं ते मात्र कायमचं डोक्यात बसलं. प्रश्नोत्तरं सुरू झाली की जवळजवळ प्रत्येक प्रश्नाला उत्तर एकच, "ते तुमच्या घटनेत, म्हणजे संस्थेच्या नियमावलीत, काय लिहिलंय त्यावर आहे." कोरम किती? घटनेत बघा. अध्यक्षांनी राजीनामा दिला तर जागा कोण भरणार? घटनेत बघा. आजीव सभासदाला मत आहे का? घटनेत बघा. वक्त्यांचं यात काही चुकत नव्हतं, उत्तर बरोबरच होतं, पण हॉलमध्ये घटना कुणाकडेच नव्हती. कुणाची बँकेच्या लॉकरमध्ये, कुणाची जुन्या सचिवांच्या घरी कपाटात, बऱ्याच जणांनी तर ती कधी पूर्ण वाचलेलीच नव्हती. म्हणजे ज्या प्रश्नासाठी एवढ्या लांबून माणूस आला तो प्रश्न घेऊनच परत गेला. आणि जो जातो तो एकटा सचिव किंवा खजिनदार, बाकीच्यांपर्यंत काही पोचत नाही, पुढच्या मीटिंगला परत अध्यक्ष म्हणतील ती पूर्व दिशा.

ऑफिसात बैठक ठेवली तेव्हा आलेल्या गृहस्थांनी आधीच सांगून ठेवलं होतं की टेबलावर चार गोष्टी पाहिजेत, घटना, परिशिष्ट १ चा (धर्मादाय कार्यालयातली आपल्या ट्रस्टची नोंद, त्यात विश्वस्तांची नावं असतात) ताजा उतारा, गेल्या वर्षीचा ऑडिट रिपोर्ट आणि प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभांच्या इतिवृत्ताची वही. पहिला बराच वेळ फक्त घटना मोठ्याने वाचण्यात गेला, प्रत्येकाने एकेक पान, आणि खरं सांगायचं तर तेवढंच केलं असतं तरी बैठक वसूल होती. मग परिशिष्टावरची नावं आणि समोर बसलेली माणसं जुळवून बघितली. बदल झाल्यापासून ९० दिवसांत महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम २२ खाली फेरफार अर्ज द्यायचा हे कार्यशाळेच्या स्लाइडवर पण होतं, पण आपल्या उताऱ्यावर दिवंगत माणसाचं नाव अजून तसंच आहे हे दिसल्यावर जे कळतं ते स्लाइडवरून नाही कळत.

तसंच गाळ्याचं. ट्रस्टचा रस्त्याकडचा गाळा पाच वर्षांच्या कराराने द्यायचं घाटत होतं, मसुदा फायलीतच होता. त्यांनी तो वाचला आणि त्याच कायद्याचं कलम ३६ काढून दाखवलं की इमारत तीन वर्षांच्या वर भाड्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. पतसंस्थेत जास्त व्याज मिळतं म्हणून ठेव तिकडे हलवूया असं एकांचं म्हणणं होतं, त्यावर त्यांनी कलम ३५ दाखवलं, ट्रस्टचे पैसे कुठे ठेवता येतात ते त्यात ठरवून दिलंय. कर्ज काढायचं असेल तरी आधी परवानगी. आमच्यातल्या सगळ्यात ज्येष्ठ विश्वस्त बाई, ज्या शहरात कार्यशाळेला कधीच आल्या नसत्या, त्यांनी विचारलं की मी नुसती सही केली आणि पुढे ट्रस्टचं नुकसान झालं तर माझ्याकडून वसुली होईल का. होऊ शकते, कायद्यात तशी तरतूद आहे, असं त्या गृहस्थांनी शांतपणे सांगितलं. त्यानंतर प्रत्येक जण सही करण्याआधी कागद वाचायला मागतो, आणि मला वाटतं विश्वस्त म्हणून जे काही शिकायचं असतं त्याची सुरुवात इथूनच होते.

यातही अडचणी आहेत. सगळं त्या एका माणसावर अवलंबून, तो नुसता कलमं वाचणारा निघाला तर दिवस गेला. ट्रस्टचाच ऑडिटर शक्यतो बोलवू नका, माणूस चांगला असला तरी अध्यक्षांसमोर अवघड गोष्ट बोलायला त्याला जड जातं. आणि दोन गट पडून वाद धर्मादाय कार्यालयात चालू असेल तर मग कार्यशाळाच बरी, नाहीतर घटना वाचायला बसायचं आणि बसल्या बसल्या भांडण लागायचं.

खर्चाचं म्हणाल तर दोन-तीन जणांचं जाणं-येणं आणि फी धरली तर फार फरक पडत नाही असा माझा अंदाज, तुमचं गाव किती लांब आहे त्यावर आहे. ऑनलाइन रेकॉर्डेड व्हिडिओ पण असतात, नवीन विश्वस्ताला तोंडओळख म्हणून ठीक, पण ते बघून कोणी घटना उघडली असं मी तरी पाहिलं नाही.

बैठक ठेवणार असाल तर एप्रिल-मे मध्ये ठेवा, वर्ष संपलेलं असतं, हिशोब हातात असतात, आणि ऑडिट रिपोर्ट भरायला सप्टेंबरअखेरपर्यंत वेळ असतो, म्हणजे जे निघेल ते दुरुस्त करायला हाताशी महिने राहतात. घटनेच्या झेरॉक्स मात्र आठ दिवस आधी सगळ्यांच्या घरी पोचवा.