महिंद्राची एमएम ५४० जीप, दहा महिने वापरून: इंजिन नंतर ऐका, आधी चेसिस नंबर वाचा

गेल्या रविवारी मित्राबरोबर कागलजवळ एक जुनी जीप बघायला गेलो होतो. विकणारा पाच मिनिटांत चार वेळा म्हणाला, "व्हिंटेज आहे साहेब, व्हिंटेज." हाच शब्द गेल्या वर्षी माझी ५४० घेताना मला ऐकवला होता. त्या व्यवहारात माझे तीन महिने गेले आणि सहा हजार रुपये जास्तीचे गेले. म्हणून आज सगळं लिहून टाकतोय. ५४० कशी असते हे वाचणाऱ्यांना सांगायची गरज नाही, त्यामुळे थेट मुद्द्यावर येतो.

माझी गाडी जुलै १९९० च्या पासिंगची. एमएच ०९, फोर बाय फोर, चार गिअर, मूळचं प्यूजो एक्सडीपी ४.९० इंजिन, २,११२ सीसी. जून २०२५ मध्ये एका एजंटामार्फत २ लाख ८५ हजारांना घेतली. मालक पुण्यात, गाडी इथेच एका शेडमध्ये उभी. २०१९ आणि २०२१ च्या पुरात त्या शेडमध्ये पाणी आलं होतं का, हे मी आजूबाजूच्या तीन घरांत विचारून घेतलं. कोल्हापुरात जुनी गाडी घेताना हे विचारलंच पाहिजे. पंचगंगेचा गाळ चेसिसच्या पोकळीत बसला की पत्रा आतून कुजत जातो आणि वरचा रंग मात्र नवा दिसतो. मी लांब स्क्रू ड्रायव्हर घालून आतली माती खरवडली. कोरडी तांबडी धूळ निघाली, गाळ नव्हता. इंजिन थंड असताना हीटर (डिझेल इंजिन आतून तापवणारे प्लग) देऊन सुरू करून बघितलं, दुसऱ्या फिरकीला लागलं. गिअरबॉक्स, जोड, पाटे सगळं तपासलं.

चेसिस नंबर तेवढा वाचला नाही. आरसी बुकात होता, तोच गाडीवर असणार असं गृहीत धरलं. पुढचं सगळं त्यावरूनच घडलं.

आधी त्या व्हिंटेज शब्दाचं बघू. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून जास्त काळ झालेली, खाजगी वापराची दुचाकी किंवा चारचाकीच व्हिंटेज ठरते. तीसुद्धा चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसेल तरच. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात 'व्हीए' अक्षरं. आधीपासून नोंदलेली गाडी असेल तर जुना नंबर ठेवता येतो. थर्ड पार्टी विम्यात निम्मी सवलतही आहे. पण ही गाडी रोज रस्त्यावर चालवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, संशोधन, किंवा तेल भरायला आणि दुरुस्तीला नेण्यापुरतीच बाहेर काढायची.

म्हणजे पन्नाशी ओलांडलेली सीजे ३बी, म्हणजे महिंद्राची आधीची जीप, कुणी जपली असेल तर तिच्यासाठी हा मार्ग चांगला आहे. माझी ३५ वर्षांची गाडी त्यात बसत नाही आणि मला ती बसवायचीही नव्हती. मला कळे गावच्या आमच्या शेतात खताची पोती न्यायची होती. १९८० ते २००० मधली कुठलीही जीप किंवा जिप्सी "व्हिंटेज आहे, कागदाची काळजी नाही" असं सांगून कुणी विकत असेल, तर तो खोटं बोलतोय.

आपल्या गाड्यांना साधाच नियम लागतो. खाजगी गाडीची नोंदणी पहिली १५ वर्षं चालते, मग दर ५ वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. माझ्या गाडीचं २००५, २०१०, २०१५ आणि २०२० ला झालं होतं, पुढची तारीख जुलै २०२५. मुदत संपण्याआधी ६० दिवसांपासून अर्ज करता येतो. जूनमध्ये व्यवहार झाला त्याच आठवड्यात अर्ज केला असता तर ५,००० रुपयांत काम झालं असतं. एजंट म्हणाला, "होतंय की दादा, गडबड कशाला?" बुक त्याच्याकडे साडेतीन आठवडे पडून राहिलं. कामाचे पैसे त्याने पहिल्याच दिवशी घेतले होते.

जुलैत गाडी तपासणीला गेली. नंबरवर पातळ कागद धरून त्यावरून आडवी पेन्सिल फिरवली की ठसा उमटतो, तो बुकातल्या नंबराशी जुळवतात. इंजिनचा ठसा स्वच्छ आला. चेसिसचा आला तो शेवटून तिसऱ्या आकड्यावर अडकला. ३ म्हणावा की ८, काहीच कळेना. वर्षानुवर्षं चेसिसच्या नंबर असलेल्या पट्टीवर ब्लॅक पेंट, ग्रीस आणि परत पेंट असे थर चढले होते. निरीक्षक शांतपणे म्हणाले, "आकडा दिसल्याशिवाय सही होणार नाही." त्या दिवशी मला राग आला होता. आज सांगतो, त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. त्या एका आकड्यावरच ही गाडी चोरीची नाही हे ठरतं.

एजंटाने उपाय सुचवला: ग्राइंडर मारून पट्टी साफ करू आणि बुकातला नंबर नव्याने ठोकून घेऊ. मी तिथल्या तिथे नाही म्हटलं आणि बुक परत मागितलं. कुणी कितीही अनुभवी माणूस हे सुचवो, करू नका. चेसिस नंबर खोडणं किंवा बदलणं हा गुन्हा आहे, आणि एकदा खोडलेला मूळ नंबर परत येत नाही. चांगली गाडी कायमची संशयित होऊन बसते. बुक परत मिळवायला आणखी दहा दिवस आणि सात फोन लागले.

तेवढ्यात ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने २० वर्षांवरच्या चारचाकींची नूतनीकरण फी ५,००० वरून १०,००० केली. वरून मुदत संपल्यावर दर महिन्याला ५०० रुपये, असे दोन महिन्यांचे १,०००. सहा हजारांचा हिशोब तो हा. रक्कम मोठी नाही, पण जूनमध्ये अर्धा तास पट्टीखाली आडवं होऊन बघितलं असतं तर एक रुपयाही गेला नसता. अजून आठवलं की चीड येते.

आकडा शेवटी काढला कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या, म्हणजे वर्कशॉपच्या वस्तीतल्या, एका वयस्कर मिस्त्रींनी. आयुष्य लेथवर गेलेला माणूस. मी वायर ब्रश पुढे केला तर हातातून काढून बाजूला ठेवला. "लोखंडी तारेनं आकड्याची कड मरते, मालक. हे रात्रभर भिजू दे." डिझेलमध्ये बुडवलेल्या कापडाचा बोळा नंबरवर बांधून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी थर लाकडाच्या चिपेने साबणासारखा सुटत गेला. मग पितळी ब्रश, मग ६०० नंबरचा वॉटर पेपर बोटाच्या टोकावर घेऊन, अगदी हलक्या हाताने. शेवटी वर्कशॉपमध्ये दोन भाग नीट बसतात का बघायला निळा रंग लावतात, तो डबीतून बोटावर घेतला, नंबरवर चोळला आणि कोरड्या कापडाने वरचा पुसून टाकला. सपाट पत्रा पांढरा झाला, ठोकलेल्या खाचांत निळा राहिला. शेवटून तिसरा आकडा ८ होता. डावीकडच्या दोन्ही गोलाया केसाएवढ्या बारीक, पण अखंड. बुकातही ८च आहे. मिस्त्रींनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "घ्या तुमचा आठ." दोनशे रुपये घेतले, त्यातही चहा त्यांनीच पाजला.

दुसऱ्या तपासणीत ठसा पहिल्या झटक्यात जुळला. पुढचा जाडजूड लोखंडी गार्ड मात्र काढायला लागला. २०१७ पासून असे गार्ड बसवायला बंदी आहे, आणि ते योग्यच आहे, कारण समोर पायी जाणारा माणूस सापडला तर त्याला वाचायची संधी उरत नाही. भंगारात ७८० रुपये आले. बाकी खर्च असा: डिझेल गाडीचा पर्यावरण कर पाच वर्षांचा ३,५००, थर्ड पार्टी विमा १,५०० सीसीच्या वर म्हणून ७,८९७ अधिक जीएसटी, उच्च सुरक्षा नंबर प्लेट ७४५ अधिक जीएसटी. नूतनीकरण जुन्या मालकाच्या नावावर झालं, मग फॉर्म २९ आणि ३० भरून नावावर केली. मालक स्वभावाने सरळ, सह्यांसाठी स्वतः पुण्याहून आले. सप्टेंबरअखेर गाडी कायदेशीरपणे रस्त्यावर आली.

आता चालवण्याबद्दल. सुरुवातीला माझं ठाम मत झालं होतं की आपल्यासारख्याला फोर बाय फोरची गरज नाही, टू व्हील ड्राइव्हची जीप लाखभराने स्वस्त मिळते, तीच घ्यावी. पुढच्या एक्सलची देखभाल, जादा तेल, जादा बुश, सगळा फुकटचा खर्च वाटायचा. दोन-तीन मित्रांना तसं सांगूनही बसलो होतो. ते मत मी मागे घेतो.

पावसाळ्यात आम्ही कुंभी नदीवरची पाण्याची मोटर वर काढून ठेवतो, पाणी उतरलं की परत खाली न्यायची. दरवर्षी त्याला ट्रॅक्टर सांगायला लागायचा आणि ऑक्टोबरमध्ये ट्रॅक्टरवाल्याला सगळीकडूनच बोलावणं असतं. या वेळी परतीचा पाऊस चार दिवस लागून राहिला होता, पाणंद म्हणजे नुसता चिखल. मोटर, स्टार्टर पेटी, पाइप आणि आम्ही तिघं. खाली उतरून पुढच्या चाकांची दोन्ही हब हाताने लॉक केली, म्हणजे ती चाकं एक्सलला जोडली, एक लिव्हर फोर व्हीलला, दुसरा लो ला (कमी वेग, जास्त ताकद), पहिला गिअर. क्लच सोडला आणि ॲक्सिलरेटरवर पायही न ठेवता गाडी माणसाच्या चालीने उतरत गेली. येताना चढावर मागचं चाक एकदा सरकलं, पुढच्या चाकांनी ओढून घेतलं. चुलते बांधावर उभे राहून बघत होते. वर आल्यावर बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "बैल हाय बैल." तेव्हापासून मोटरचं काम आमचं आम्ही करतो.

तक्रारी आहेत. चारही ड्रम ब्रेक पाण्यातून गेले की पहिले दोनशे मीटर धरत नाहीत, ब्रेकवर हलका पाय ठेवून सुकवायला लागतात. घरच्यांना चालवायला देण्याआधी हे सांगा. ॲव्हरेज दहाच्या आसपास. साठच्या पुढे हायवेवर नेत नाही, आवाजाने बोलता येत नाही. एका दुकानातून स्वस्तातले हीटर प्लग घेतले, दीड महिन्यात दोन गेले आणि दुकानदाराने बिल नाही म्हणून हात वर केले. बिल घेत जा. सुट्या भागांची मात्र चिंता नाही. जे तयार मिळत नाही ते उद्यमनगरात नमुना दाखवून करून मिळतं. मागचं शॅकल बुश दोन दिवसांत हातात होतं, तयार मालापेक्षा चांगलं.

घेताना एक मोह होईल: प्यूजो काढून डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) इंजिन बसवलेल्या गाड्या. चालायला बऱ्या, तेलही कमी खातात. पण बुकात इंजिन नंबर जुनाच असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली ती गाडी अडकते. दिल्लीकडच्या स्वस्त गाड्यांचंही तसंच. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले म्हणून त्या इकडे पाठवल्या जातात. एनओसी, इथला कर आणि नवं पासिंग धरून हिशोब करा, स्वस्ताई उरत नाही.

माझ्या गाडीचं बुक आता २०३० पर्यंत आहे. पट्टीवर नंबरच्या जागेला पेंट लावलेला नाही, दर पंधरा दिवसांनी पारदर्शक ग्रीसचं बोट फिरवतो. स्टिअरिंगचा प्ले थोडा वाढलाय, किंग पिनचे बुश या महिन्यात बदलून घेणार आहे.

रविवारी त्या कागलच्या जीपखाली मी डिझेलचा बोळा आणि टॉर्च घेऊनच शिरलो. मित्राला तोवर इंजिनचा आवाज आवडला होता, बयाण्याचे पैसे खिशात होते. नंबर असायला हवा त्या जागी तळहाताएवढा नवा पत्रा वेल्ड केलेला होता, वेल्डिंगवर रंगही नीट वाळला नव्हता. मी बाहेर येऊन मित्राला तेवढंच सांगितलं. विकणारा म्हणाला, "अहो, एक राउंड तरी मारून बघा." आम्ही निघून आलो.